रानाचा खेळ आणि गडाचा खेळ

गिरणी चालू असली की आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. रामनगरात गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पुढच्या खोलीत आप्पांची पिठाची गिरणी, आणि मधल्या लाकडी दारामागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं: आप्पा, आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान संगी. पट्ट्याची फटफट सकाळी सातला सुरू व्हायची ती दुपारी एकपर्यंत. बाहेर मालाचे ट्रक गिअर बदलत कण्हत जायचे. पीठ कुठं नसे? आईच्या भुवयांवर, देवाच्या फोटोच्या काचेवर, ताकाच्या गाडग्यावर झाकलेल्या फडक्यावरही. हुलग्याचं सार, उकड्या तांदळाचा भात आणि पावसाळ्यात बांबूच्या कोंबांची भाजी हे आमचं जेवण, आणि त्या सगळ्याला ताज्या पिठाचा एक गरम वास चिकटलेला असे. आज कुठल्याही गिरणीवरून गेले की तो वास येतो आणि मला आधी भूक लागत नाही, भीती वाटते. ती भीती कुठून आली ते लिहायला मी बसले आहे.

मामा वास्कोच्या बंदरात कामाला होता. एकदा येताना त्यानं बोटीवरच्या कुणाकडून तरी विकत घेतलेला व्हिडिओ गेम आणला. राखाडी डबा, दोन रिमोट आणि दोन कॅसेटी. आमचा टीव्ही काळापांढरा होता, आणि गिरणी चालू झाली की व्होल्टेज पडून त्यातलं चित्र कडांनी आत आकसायचं. म्हणून एक वाजता आप्पा गिरणी बंद करून जेवले, भिंतीला पाठ लावून आडवे झाले, की चार वाजेपर्यंतचा वेळ आमचा. कॅसेटींवर कुठल्यातरी परक्या भाषेतली अक्षरं होती. खेळातली माणसंही त्याच अक्षरांत काहीबाही सांगायची. आम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यामुळे सगळं अंदाजानं चालायचं. एकीला आम्ही रानाचा खेळ म्हणायचो, दुसरीला गडाचा.

दोन्हींत हातात तलवार घेतलेलं एक माणूस होतं आणि भोवती भलामोठा मुलूख. कुठंही जा, कुणी अडवत नसे. पण दोघांची जात वेगळी. रानाच्या खेळात झाडं, नदी, गुहा, आणि चालत राहिलं की हळूहळू अंधार पडायचा. अंधार पडला की संगीत थांबायचं. नुसत्या पावलांचा टकटक आवाज उरायचा, आणि मग कुठल्यातरी झाडामागून काहीतरी बाहेर यायचं. माझ्या छातीत धस्स व्हायचं, तरी मला तोच खेळ आवडायचा. त्यात दबा धरून, वाट बघून जीव वाचवता येत असे. गडाच्या खेळात डोंगराडोंगरांवर सात गड, हव्या त्या गडावर आधी चढा. प्रत्येक गडाच्या दारात एक दाढीवाला जादूगार उभा. त्याच्याशी लढताना तुमच्या तलवारीतूनही वीज सुटायची, त्याच्या काठीतूनही. सगळा पडदा पांढरा, काळा, पांढरा, काळा असा लखलखायचा. संगीला ती वीज फार प्रिय होती.

"तुज्या रानात काय हाय गे अक्का? निस्तं लपायचं," ती म्हणायची.

"आणि तुज्या गडात? निस्ती वीज पाडायची. डोकं कुठं लागतंय त्याला?"

"डोकं कशाला पायजे? जिंकायला पायजे."

यावर आम्ही महिनोन्महिने भांडलो. कुठला मुलूख मोठा, कुठल्यात मेल्यावर जास्त मागं जावं लागतं, कुठला राक्षस खरा वाटतो. पाणी भरताना भांडायचो, शाळेच्या वाटेवर भांडायचो. संगी पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसायची. आई ओरडली की वीतभर मागं सरकायची आणि पुन्हा पुढं.

एके दुपारी ती गडाच्या दारात लढत असताना तिच्या हातातून रिमोट उडाला. पडला नाही, उडाला, कुणी खालून मनगटाला टिचकी मारावी तसा. ती हसली. दोन दिवसांनी पुन्हा तसंच. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं तर डोळे पडद्यावर होते, पण ती तिथं नव्हती. "संगे," मी म्हटलं. तिनं ओ दिली नाही. मग एकदम, "काय गे?" म्हणाली आणि खेळू लागली. मला ते बरं वाटलं नाही. पण सांगितलं तर आप्पा डबा उचलून माळ्यावर टाकतील हे मला ठाऊक होतं, आणि माझं रान अजून अर्धं बघायचं राहिलं होतं. मी गप्प बसले. सोळा वर्षांच्या मुलीला एवढी अक्कल हवी होती. ही गोष्ट मी कितीही वेळा उलटसुलट करून पाहिली, तरी ती आहे तिथंच राहते.

त्यानंतर आठवड्याभरात ती पडली. आई चुलीपाशी बांगडे तळत होती, आप्पांचा डोळा लागला होता, मी मागं बसून वेणी घालत होते. संगीच्या घशातून एक आवाज आला, माणसाचा वाटेना असा, आणि ती कुशीवर कोसळली. हातपाय ताठले, मग झटके देऊ लागले. ओठ निळसर पडले. तोंडातून फेस आला. पडद्यावर जादूगार तसाच उभा होता आणि वीज पाडत होता. आई धावत आली, तिच्या हातातला झारा तेलासकट जमिनीवर पडला. आप्पांनी कांदा फोडून संगीच्या नाकाशी धरला, तिच्या मुठीत गिरणीची किल्ली कोंबली. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील. मग ती सैल पडली, घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली, आणि बऱ्याच वेळानं डोळे उघडून तिनं विचारलं, "बांगडे करपले व्हय?"

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. गिरणीत येणाऱ्या बायकांना आई सांगायची, "चक्कर आली पोरीला, उपाशी हुती." संगीची शाळा बंद झाली. तिला विहिरीवर जाऊ द्यायचं नाही, चुलीपाशी बसू द्यायचं नाही, न्हाणीचं दार लावू द्यायचं नाही. बशी पडल्याचा आवाज झाला तरी तिघं तिन्हीकडून धावत जायचो. आई स्वयंपाक करता करता दर थोड्या वेळानं हाक मारायची, "संगे?" आणि "ओ" आल्याखेरीज तिचा हात हलत नसे. गिरणी सुरू असताना ओ ऐकू यायची नाही, म्हणून आप्पा मधेच पट्टा थांबवायचे. लोक पायल्या घेऊन उभे आणि आप्पा दाराच्या फटीतून आत बघताहेत. विहिरीपेक्षा, चुलीपेक्षा टीव्हीपुढं बसलेली बरी, असं सगळ्यांनाच वाटलं. "बसून खेळतीया तेवढं बरं," आई म्हणायची. संकट ज्या दारानं आलं होतं त्याच दारापाशी आम्ही तिला नेऊन बसवत होतो.

मध्ये दहाएक दिवस गडाची कॅसेट बंद पडली. पीठ गेलं होतं तिच्यात. संगी कुरकुरत माझ्या रानाचा खेळ खेळली, आणि त्या दहा दिवसांत काही म्हणता काही झालं नाही. रिमोटसुद्धा हातातून सुटला नाही. आईनं सोमवार धरला होता, तिला वाटलं देव पावला. मग मला संगीची दया आली. मी रॉकेलमध्ये बोळा बुडवून कॅसेटीचे पितळी दात पुसले, वाळवले, आणि गडाचा खेळ चालू करून दिला. माझ्या ह्या हातांनी. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पडली. या वेळी पाटाची कड लागून भुवई फुटली.

आप्पांनी दिग्गीला निरोप धाडला. तिथं त्यांची थोरली बहीण राहायची, आमची आत्ती. जंगलातली शेती, घरात ती आणि म्हातारा नवरा, दोघंच. आत्ती कमी बोलायची. आली की पिशवीतून आमसुलं आणि बाटलीत मध काढायची, आणि न सांगता कामाला लागायची. या वेळी तिनं पिशवी उघडलीच नाही. संगीला मांडीवर घेऊन तिच्या कानामागं, मानेवर बोटं फिरवत राहिली. मग आप्पांना म्हणाली, "आमच्याकडं डाग देणारा हाय एक. कानामागं दोन, कपाळाला एक. सोमवारी न्हेतो म्हण. उशीर करू नको रे."

"पोरीच्या कपाळाला डाग?" आई म्हणाली. "उद्या तिचं लगीन..."

"जगली तर लगीन," आत्ती म्हणाली.

संगी ऐकत होती. परसात मी भांडी घासत असताना ती येऊन माझ्याजवळ उकिडवी बसली. "अक्का, डाग म्हंजे लोखंड तापवून लावत्यात न्हवं?" मी हातातला तांब्या आणखी जोरानं घासू लागले. तिनं राखेचा चोथा उचलला आणि माझ्याबरोबर तांब्या घासू लागली. तिचा हात थरथरत होता, आणि तो फक्त भीतीनं थरथरतोय की आणखी कशानं हे मला कळेना. तो शुक्रवार होता.

शनिवारी दुपारी आई आणि आत्ती संगीला घेऊन देवळात गेल्या. मी टीव्हीपुढं एकटी बसले. मनात एकच गोष्ट घोळत होती: रानानं काही झालं नाही, गडानं झालं. आधी रानाचा खेळ लावला. अंधार पडला, संगीत थांबलं, तरी पडदा शांतच होता. काळोख येतो तो सुद्धा पायरीपायरीनं. मग गडाचा लावला. दाढीवाल्याच्या दारापाशी पोचेपर्यंत माझे तळवे घामानं ओले झाले होते. वाटत होतं, हे जे काही आहे ते आता मलाही धरणार. वीज सुरू झाली. मी डोळे किलकिले करून मोजायला गेले, मोजता येईनात इतक्या भराभर विजा लखलखत होत्या. कपाळात कळ आली. खोलीच्या भिंतीही उजेडात उघडझाप करत होत्या. मी वहीचं मागचं पान उघडून मधोमध रेघ मारली, आणि आम्ही भांडताना जे जे बोललो होतो ते सगळं बाजूला ठेवून पहिल्यांदाच त्या दोन खेळांतला खरा फरक लिहिला. संगी कधी पडली, कधी रिमोट उडाला, तेव्हा कुठला खेळ होता, किती जवळ बसली होती. उजव्या बाजूला चार नोंदी झाल्या, सगळ्या गडाच्या दारातल्या. डावी बाजू कोरी राहिली.

आता माझा नातू मोबाइलवर असले खेळ खेळतो. त्यातली रानं एवढी खरी असतात की पानांवरचं पाणी दिसतं. "आजी, हा गेम भारी की तो?" असं विचारतो आणि दोन्ही दाखवतो. मी आधी बघते ते लखलखतंय का एवढंच. तो वैतागतो.

आप्पा जागे झाले तेव्हा मी वही त्यांच्यापुढं धरली. ते वाचून म्हणाले, "खेळानं कुणाला फेफरं येतंय व्हय? तू पण खेळतीस. तुला का न्हाई आलं?" मी म्हटलं, "आप्पा, एकदा बगा तरी." मी गडाचा खेळ लावला. ते पाटावर बसले. वीज सुरू झाली आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. त्याच वेळी मागचं दार वाजलं. देवळातून तिघी परत आल्या होत्या. संगी पुढं पळत आली, प्रसादाचा नारळ हातात, आणि सवयीनं पडद्याकडं बघत उभी राहिली.

मागच्या दाराची कडी मी लावली नव्हती. विसरले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज मला तेवढी खात्री नाही.

नारळ तिच्या हातातून उडाला. एकदा खांदा उसळला, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. डोळे रिकामे. मी झेप घेऊन वायर ओढली. पडदा विझला, मधला पांढरा ठिपका राहिला, तोही गेला. संगीचा खांदा थांबला. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या, खाली बघितलं. "नारळ कसा पडला?" म्हणाली.

आप्पा उठले. त्यांचा चेहरा पिठाशिवायही पांढरा दिसत होता. त्यांनी विझलेल्या पडद्यावर तळवा ठेवला, तवा तापलाय का बघतात तसा, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फुडं कधी हे करू नको." आणि आत्तीला म्हणाले, "अक्का, सोमवारी दिग्गी न्हाई. बेळगाव. डॉक्टरला दाखवतो." मला वाटलं आत्ती भांडेल. तिनं खाली पडलेला नारळ उचलला. मग म्हणाली, "मीबी येणार."

बेळगावच्या डॉक्टरीण बाई वयस्क होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी माझी वही उलटसुलट करून वाचली आणि मला प्रश्न विचारले. टीव्ही तोच होता का? खोली तीच? रानाचा खेळ ती किती वेळ खेळली? सकाळी उठल्यावर हातातून वस्तू पडतात का? शेवटी त्यांनी विचारलं, "हे हात उडणं पहिल्यांदा कधी पाहिलंस?" मी आप्पांकडं न बघता सांगितलं, ती पहिल्यांदा पडली त्याच्या आधी, दोनदा, आणि मी कुणाला बोलले नव्हते. माझ्या कानात गिरणीसारखी घरघर सुरू झाली. आप्पा माझ्या मागं उभे होते. ते एवढंच म्हणाले, "सांगायचं हुतंस गे." त्यानंतर हयातीत त्यांनी तो विषय काढला नाही.

संगीच्या डोक्याला वायरी लावून एका खोलीत निजवलं आणि तिच्या डोळ्यांपुढं दिवा लखलखवला. कागदाच्या पट्टीवर सुया चालत होत्या. दिवा हळू असताना सुया शांत होत्या. दिवा जोरात होताच सगळ्या सुया एकदम वेड्यासारख्या वरखाली झाल्या, आणि बाईंनी तत्काळ बटण दाबलं. संगीला काही झालं नाही. पण आप्पांनी माझा दंड एवढा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथं वळ दिसत होता. बाईंनी समजावलं की काहींच्या मेंदूला भराभर उघडझाप होणारा उजेड सोसत नाही, यात देवाचा कोप नाही की कुणाची करणी नाही. गोळ्या लिहून दिल्या, एकही चुकवायची नाही म्हणून बजावलं. खेळ बंद. आणि नुसता खेळच नाही, झाडांतून येणारा उन्हाचा लखलखाटसुद्धा, गाडीच्या खिडकीतून वगैरे, तेव्हा डोळे झाकायचे. संगीनं त्या गोळ्या पुढं बरीच वर्षं घेतल्या, मग बाईंनीच हळूहळू थांबवल्या. आज ती खानापुरात शाळा शिकवते आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलते. भुवईवरची पाटाची ती बारीक खूण सोडली तर कसला डाग नाही.

आम्ही उठत होतो. आत्ती उठली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून ती बाईंना म्हणाली, "माजा एक हुता. शिरपा. नऊ वर्साचा."

आप्पांनी मान खाली घातली. आईनं तोंडाला पदर लावला. आम्हा बहिणींना आत्तीला कधी मूल होतं हेच ठाऊक नव्हतं. घरात कुणी ते नाव घेतलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

"ह्येच हुतं त्याला. ह्या पोरीगतच. डाग दिले. दोन डाव दिले. लई रडला," आत्ती सांगत होती, आणि तिचा आवाज बाजारातला भाव सांगावा तसा सपाट होता. "मग म्हसरं पाजायला वड्यावर ग्येला. ढोपरभर पानी हुतं. तेवढ्याशा पान्यात बुडून ग्येला." मग टेबलावरच्या चिठ्ठीकडं बोट करून तिनं विचारलं, "ह्या गोळ्या तवा हुत्या व्हय?"

बाईंनी चष्मा काढला. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. आम्ही सगळेच त्यांनी ते बोलावं म्हणून बघत होतो.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"ह्या माज्या भावाला तवा मिसरूड फुटायची हुती."

"होत्या, मावशी," बाई म्हणाल्या. "ह्याच नाही, पण गोळ्या होत्या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

आत्तीनं मान हलवली. औषधाच्या दुकानात आप्पांनी पाकीट घेतलं तेव्हा तिनं ते मागून घेतलं, एक गोळी चांदीच्या कागदावरूनच अंगठ्यानं चाचपली, आणि म्हणाली, "एवढीशीच हाय गे." मग पाकीट आपल्या कमरेला खोचलं, ते रामनगर येईपर्यंत कुणाला दिलं नाही.

परतीची बस दुपारची होती. खानापूर मागं पडलं आणि रस्ता जंगलात शिरला. ऊन कलतं होतं, खिडकीच्या बाजूनं येत होतं, आणि झाडं मागं पळत होती तसा उजेड आत उघडझाप करू लागला. मी घाबरून संगीकडं वळले. आत्तीनं तिला आधीच कुशीत ओढलं होतं आणि आपला रापलेला, भेगाळलेला तळवा तिच्या डोळ्यांवर ठेवला होता. "आत्ती, दिसंना गे काय," संगी कुरकुरली. "नको दिसू दे," आत्ती म्हणाली. पुढं संगी तशीच झोपली. डोळे आपले आपण मिटलेले होते, आता हात काढला तरी चाललं असतं, आई तसं म्हणालीही. आत्तीनं ऐकलं नाही. हात अवघडला की ती दुसरा हात आधी वर ठेवायची, आणि मगच पहिला खालून काढून घ्यायची.